पूररेषेच्या बाहेर

आई गेली त्याला तीन महिने झाले होते. त्या वर्षी दिवाळी आम्ही केली नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी सातच्या सुमाराला बेल वाजली आणि दार उघडलं तर माझे सासरे उभे होते. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. वय ऐंशीला टेकलेलं आणि गावाहून आमच्याकडे यायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात. मला वाटलं लेकीला भेटायला आलेत, म्हणून आत हाक मारायला वळलो. तर म्हणाले, "तिला नका उठवू. मी तुमच्याकडे आलोय. चला, काळ्या तलावावर जाऊन येऊ."

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण तोवर आम्ही दोघंच असे कुठे गेलेलो मला आठवत नाही. आमचं घराणं साताऱ्याकडचं, वडील नोकरीसाठी कल्याणला आले. बायको इथल्याच जुन्या शेतकऱ्यांची. नदीकाठचं गाव, भाताची खाचरं, खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली खाजणजमीन. तरुणपणी मामांनी ठाण्याकडच्या मिठागरातही दोन-तीन हंगाम काढले होते. लेकीशी ते गावच्या बोलीत घडाघडा बोलत. माझ्याशी मात्र जपून, जमेल तेवढं शुद्ध, आणि थोडकंच.

नाही म्हणायला कारण सुचलं नाही म्हणून मी निघालो.

आई कशी गेली ते इथेच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

जाण्याच्या सहा वर्षं आधी आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आम्ही तेव्हा चौथ्या मजल्यावर राहत होतो, लिफ्ट नव्हती. ऑपरेशननंतर ती चार पावलं टाकू लागली, पण जिने चढणं संपलं. मी तळमजल्यावरचं घर शोधू लागलो. कल्याण पश्चिमेला नदीच्या बाजूच्या एका कॉलनीत तसं घर मिळालं. खिडकीबाहेर जांभळाचं झाड होतं. आईचा पलंग त्या खिडकीशी लावायचा हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

मी ड्राफ्ट्समन आहे. ठाण्याला माजिवड्याच्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात पस्तीसेक वर्षं इमारतींचे नकाशे काढले, आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर. घर घेण्याआधी मी त्या भागाचा नकाशा मिळवून नीट पाहिला होता. पूररेषा कॉलनीच्या बाहेरून जात होती.

घर बघायला मामांनाही नेलं होतं. ते आत आलेच नाहीत. इमारतीला फेरी मारली, मागच्या भिंतीचा पाया वाकून पाहिला, भिंतीला हात लावला आणि परत येऊन म्हणाले, "जागा पाण्याची आहे, जावई. आईंना वर कुठंतरी ठेवा."

"मामा, पूररेषा इथून लांब आहे. मी नकाशा पाहिलाय."

"तो काढनारा पावसात आलेला का?" त्यांनी विचारलं. टोमणा म्हणून नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं. पण मला ते लागलं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामाबद्दलच कोणी काहीतरी बोललं असं वाटलं. मी घर घेतलं.

पाच पावसाळे घरात थेंब आला नाही. दर वर्षी गणपतीला सासुरवाडीला गेलो की मी मुद्दाम म्हणायचो, "यंदाही कोरडं आहे हं, मामा." ते मान हलवायचे. हे मी का म्हणत होतो ते आता आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

सहाव्या पावसाळ्यात, श्रावण लागायच्या आधी, दोन दिवस न थांबता पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. ते दारातून येईल अशी माझी कल्पना होती आणि मी उंबऱ्याशी गोणपाटं लावून बसलो होतो. पाणी मोरीतून आलं. आधी जाळीतून बुडबुडे आले, मग काळं पाणी. पंधरा मिनिटांत ते स्वयंपाकघरभर झालं. बायको म्हणाली, "आईंना वर नेऊ या आत्ताच. दुसऱ्या मजल्यावरच्यांना हाक मारते." मी म्हणालो, "थांब, उतरेल. इथे साठायचं कारण नाही. तिला उगाच हलवलं तर पाय दुखेल."

असे दोन तास गेले. मी जमिनीवरच्या वस्तू उचलून ओट्यावर ठेवत होतो, कपाटाचे खालचे कप्पे रिकामे करत होतो. आईचा पलंग बुटका होता. पाणी गादीच्या खालच्या कडेला लागलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत होतो. कापूस पाणी कसं ओढून घेतो ते सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. आत आलो तर आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे, माझ्याकडून झालं वाटतं. चादर बदलायला सांग तिला."

तिला वाटलं की तिनेच अंथरूण ओलं केलंय. ती ओशाळली होती.

"तू नाही गं, पाणी आलंय," मी म्हणालो. तिला ते नीट समजलं की नाही कोण जाणे. मग वरच्या मजल्यावरचे तिघं आले आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही तिला वर नेलं. तोपर्यंत पाणी आमच्या मांड्यांना लागत होतं. वीज गेली होती. आई दिवसभर कुडकुडत होती. चौथ्या दिवशी ताप आला, छाती भरली. हॉस्पिटलात नेलं. अकराव्या दिवशी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. येणारे-जाणारे म्हणाले, पुराला कोण काय करणार. मीही मान हलवत होतो. ते दोन तास आणि चादरीची गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. दोन तासांचं बायकोला ठाऊक होतं, तिने ते पाहिलंच होतं. पण ती त्यावर एक शब्द बोलली नाही. आईला सहा वर्षं रोज तिने अंघोळ घातली होती. ती बोलत नाही म्हणजे काय ते मला कळत होतं.

पाणी उतरल्यावर एके दिवशी मामा फावडं घेऊन आले होते. आम्ही हॉस्पिटलात होतो. त्यांनी एकट्याने सगळं घर धुतलं, भिंती पुसल्या, गादी बाहेर नेऊन टाकली. मी परत आलो तेव्हा ते पायरीवर बसून पायांचा चिखल खरवडत होते. मी वाट पाहत उभा राहिलो. आता म्हणतील, सांगितलं होतं. ते म्हणाले, "मोरीचा पाइप उलटा भरतो. त्याला झडप बसवून घ्या." आणि गेले. त्या न बोलण्याचाही मला राग आला होता.

तर, काळा तलाव.

रविवार असल्यामुळे गर्दी होती. फेऱ्या मारणारी मंडळी, बाकांवरचे म्हातारे, कारंज्याशी उभं राहून फोटो काढणाऱ्या मुली. मामा कठड्याशी थांबून पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते आता आईबद्दल काही बोलतील. बऱ्याच वेळाने म्हणाले, "यात पानी येतं कुठून ते दिसलं का?"

मला दिसलं नव्हतं. त्यांनी हाताने दाखवलं. एका कोपऱ्यात गटारासारखी जाळी होती. "आनि जातं कुठून?" तेही त्यांनीच शोधून काढलं. मग एका बाकावर बसून त्यांनी पिशवीतून डबा काढला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आम्ही खाल्लं. एक खंड्या तारेवरून सूर मारून पाण्यात गेला आणि रिकामाच परत आला. घरी येईपर्यंत आम्ही फार तर दहा वाक्यं बोललो असू. रिक्षात बसताना ते म्हणाले, "पुढच्या रविवारी ठान्याला."

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. ठाण्याला मासुंदा तलावावर गेलो. तिथल्या नावा, तलावपाळीवरची वर्दळ त्यांनी जेमतेम पाहिली, पण तळ्याच्या भोवती पूर्ण फिरले, पाय दुखत असताना. नंतर उपवनला. तिथे येऊरचा डोंगर तळ्यावर ओणवा झालेला दिसतो. डोंगराचं पाणी कोणत्या वाटेने उतरत असेल, आणि आता त्या वाटेवर काय काय उभं आहे, हे ते बोटाने हवेत रेघ ओढून दाखवत. "पानी वाट विसरत नाय," ते एकदा म्हणाले, "त्याला वेगली वाट द्यावी लागते. दिली नाय तर ते जुन्या वाटेने येतं." मी ड्राफ्ट्समन. मला रेघा समजतात. या माणसाच्या डोक्यात सगळा प्रदेश रेघांनी काढलेला आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

घरी बायको विचारायची, "काय बोलता एवढे दोघं?"

"काही नाही. तळी बघतो."

"बाबांना काय झालंय कळत नाही," ती म्हणायची. "आयुष्यात कधी फिरायला म्हणून बाहेर पडले नाहीत."

पौषात आम्ही ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्ष्यांच्या अभयारण्यात गेलो. बोटीत आमच्यासोबत पंधराएक माणसं होती, बहुतेक घोडबंदरकडची, कॅमेरे गळ्यात घातलेली. माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती. ओहोटी लागली होती. दोन्ही बाजूंना तिवरांची गर्द झाडी, त्यापुढे चकचकीत चिखल, आणि चिखलात उड्या मारणारे निवटे मासे. जरा पुढे गेल्यावर रोहित दिसले. आधी नुसती एक फिकट गुलाबी पट्टी, मग पाय, मग वाकलेल्या माना. हजारो असतील. बोटीचं इंजिन बंद केलं तसा त्यांचा आवाज आला, गर्दीतून येतो तसा, एकमेकांशी बोलल्यासारखा.

सगळे फोटो काढत होते. मामा उलट बाजूला, तिवरांकडे बघत होते. त्यांनी सांगितलं की त्या झाडीच्या मागे कुठेतरी मिठागर होतं, जिथे ते डोक्यावर टोपली घेऊन मीठ वाहत. टाचांना भेगा पडत आणि त्यात मीठ जाई. "रात झाली की पाय बादलीत घालून बसायचं," ते म्हणाले. त्या मुलीने हे ऐकलं आणि आदराने विचारलं, "आजोबा, तेव्हाही फ्लेमिंगो असायचे का?"

"एवढे नव्हते. बगले होते." मग तिला म्हणाले, "तुमी हे झाडांचं सांगितलं नाय लोकांना. ही झाडं पानी अडवत नाय. पानी यांच्यातून जाता जाता दमतं. दमलेलं पानी कोनाला काय करत नाय."

मुलगी हसून म्हणाली, "आता सांगेन, आजोबा."

 परतताना, बोटीतून उतरून रिक्षाची वाट बघत उभे होतो तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, एकदा म्हणून टाका. तुम्ही मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. माझ्यामुळे आई गेली. दर रविवारी मला पाण्याजवळ नेऊन तुम्ही हेच सांगताय ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रागाची छटाही नव्हती, पण काहीतरी मोडल्यासारखं दिसत होतं. "नाय," ते म्हणाले. "तसं नाय." रिक्षा आली. कल्याण आलं. उतरताना म्हणाले, "पुढच्या रविवारी लांब नको. तुमच्या घरामागं जाऊ."

आमच्या कॉलनीच्या मागे एक कच्चा रस्ता आहे. त्याच्या पलीकडे मोठा भराव आहे, माणसापेक्षा उंच, त्यावर नव्या इमारतींचं काम चालू होतं. भरावाच्या कडेला पाणथळीचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता. तिथे लव्हाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या चालत होत्या, दोन शराटी पक्षी चोच खुपसत हिंडत होते. मी सहा वर्षं त्या जागेपासून तीनशे पावलांवर राहत होतो आणि तिथे कधी गेलो नव्हतो.

मामा भरावाच्या पायथ्याशी उकिडवे बसले. "ही जमीन आमची होती."

मला ते माहीत होतं. पुराच्या आदल्या वर्षीच ते खाचर विकलं होतं. सगळ्या भावकीने विकलं, यांनीही. त्याचे पेढे आम्हीही खाल्ले होते.

"मधून ओढा जायचा," ते म्हणाले. "वरच्या चालींचं, तुमच्या कॉलनीचं, सगलं पानी त्यातून खाडीला जायचं. बांधाला उघाडी होती, लाकडाची झडप. भरती आली की दाबून बंद व्हायची, ओहोटी लागली की आपोआप उघडायची. माझ्या बापाने बसवलेली. जमीन देताना मी बिल्डरला म्हटलं, ओढा तेवढा ठेवा. तो म्हनाला, काका, काळजी नको, पाइप टाकतो."

त्यांनी बोट दाखवलं. भरावाच्या खालून एक सिमेंटचा पाइप बाहेर आला होता. तोंडाशी प्लास्टिक आणि गाळ साचला होता.

"हा टाकला. मी बघायला आलेलो. माझी मांडी पन मावली नसती यात. उभा राहिलो, बघितला, आनि घरी गेलो."

"का?" मी विचारलं.

"माझ्या पोरांना पैशाची घाई होती. मला पन होती. परत बोलायला गेलो असतो तर सगलं लांबलं असतं." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "तुमची आई खालच्या घरात आहे हे मला तेव्हा आठवलं नाय, असं नाय. आठवलं होतं, जावई. पाइप बघताना आठवलं होतं."

एक पाणकोंबडी आमच्या अगदी जवळ आली, थबकली आणि लव्हाळ्यात शिरली.

"म्हनून तुमाला तेव्हा काय बोललो नाय," ते म्हणाले. "मला कुठला हक्क? हे सांगायला दर रविवारी यायचो. सांगवत नव्हतं. मग वाटायचं, आज तला बघू, पुढच्या वेली सांगू."

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. राग आला, तो खरा होता. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, बरं वाटलं. दोष दुसऱ्याच्याही ओंजळीत आहे याचं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला नंतर जास्त शरम वाटली. मग मी तिथेच त्यांना दोन तासांचं सांगितलं. बायको वर नेऊ म्हणत होती आणि मी थांब म्हणालो. आई चादरीबद्दल काय म्हणाली तेही सांगितलं. 

मामा म्हणाले, "हे ठाऊक नव्हतं." एवढंच. त्यांनी समजूत घातली नाही, मीही त्यांची घातली नाही. मी त्यांना हात देऊन उठवलं आणि रिक्षापर्यंत सोडलं.

बायकोला सांगायला मला तीन दिवस लागले. तिने पोळ्या लाटणं थांबवलं नाही. शेवटची पोळी तव्यावरून काढून गॅस बंद केला आणि म्हणाली, "बाबांनी पाइप पाहिला होता?"

"हो."

"आणि आई खाली आहेत हे त्यांना आठवलं होतं?"

"ते तसंच म्हणाले."

दुसऱ्या दिवशी ती एकटी माहेरी गेली आणि तासाभरात परत आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. तेव्हापासून तिने वडिलांशी बोलणं बंद केलं. चैत्रातल्या गावच्या जत्रेला लग्न झाल्यापासून ती एकदाही चुकली नव्हती. त्या वर्षी गेली नाही. जत्रेच्या दिवशी तिने घरातले सगळे डबे घासायला काढले.

रविवार आले आणि गेले. मामा येईनासे झाले. पहिले दोन-तीन रविवार मला सुटल्यासारखं वाटलं. मग सकाळी सातला आपोआप जाग येऊ लागली आणि मी नुसता पडून राहू लागलो. एकदा पडल्या पडल्या वाटलं, या माणसाच्या डोक्यात जे ओढे आहेत ते कुठल्याच नकाशावर नाहीत. मी पाहिलेल्या नकाशावरही नव्हते. ते त्यांच्याबरोबर जातील.

मी ड्रॉइंगचा कागद गुंडाळला, पेन्सिली घेतल्या आणि त्यांच्या गावाला गेलो. मामा ओटीवर गुडघ्याला तेल लावत बसले होते. मला बघून त्यांनी धोतर सावरलं आणि "या" म्हणाले. लेक आली आहे का म्हणून त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मी एकटाच होतो.

"मला सगळे ओढे सांगा," मी म्हणालो. "कुठून निघायचे, कुठे मिळायचे. उघाड्या कुठे होत्या. पाणी कुठे पसरायचं. सगळं."

आम्हाला पाच रविवार लागले. ते सांगत, मी काढत असे. मग रिक्षा करून आम्ही ती जागा बघून येत असू. कित्येक ठिकाणी आता रस्ता होता, शाळा होती, कुठे दुकानांची रांग. पण खोलगट भाग, पावसाळी गटाराचा उतार, एकाकी उरलेलं तिवराचं झाड, अशा खुणा सापडत. एकदा ते चुकले. मग रात्रभर झोपले नाहीत आणि सकाळी फोन करून म्हणाले, "ती रेघ पुसा. ओढा देवलाच्या मागून जायचा, पुढून नाय."

तो नकाशा आणि कॉलनीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज मी महापालिकेच्या ऑफिसात नेऊन दिला. पोच मिळाली. चार-पाच खेपा झाल्या. वैशाखात एक साहेब पाहणीला आले, चिखलात बूट भरले म्हणून वैतागले, पण मामांनी दाखवलं ते सगळं त्यांनी पाहिलं. मृगाच्या आधी पाइपाचं तोंड साफ झालं आणि भरावाच्या कडेने खाडीपर्यंत एक रुंद चर खणला गेला. ओढा काही परत आला नाही. भराव आहे तिथेच आहे, आता त्यावर माणसं राहतात.

आम्हीही घर सोडलं नाही. दुसरं घेणं जमण्यासारखं नव्हतं. आईचा पलंग तेवढा काढून टाकला.

त्या पावसाळ्यात पुन्हा तसेच दोन दिवस आले. दुपारी बाराला पाणी इमारतीच्या पहिल्या पायरीवर होतं. मी कपाटं रिकामी करायला घेतली. बायको खिडकीशी उभी होती. तिने फोन उचलला आणि नंबर लावला.

"बाबा," ती गावच्या बोलीत म्हणाली, "पानी पायरीवर हाय."

सहा महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलत होती. पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मग तिने फोनचा स्पीकर लावला.

"आज तिथी कंची?" मामा विचारत होते.

मी कॅलेंडर पाहिलं. "द्वितीया."

"म्हंजे मुंबईला भरती दीडच्या सुमाराला. आपल्याकडं यायला आनखी दीड तास. तीनपर्यंत चढंल, बाय. मग उतरंल. तू सामान वर घे. चर वाहतो का ते जावयांना बघायला सांग."

मी छत्री घेऊन मागे गेलो. चर वाहत होता, भरून, गढूळ पाण्याने, पण वाहत होता. परत येऊन सांगितलं. फोन चालूच होता. दोन वाजता पाणी दुसऱ्या पायरीला लागलं. तिने ते त्यांना सांगितलं. अडीचला तिसऱ्या पायरीच्या खाली चार बोटं. तेही सांगितलं. मधेमधे दोघंही नुसते गप्प असत, फोन टेबलावर उघडा पडलेला आणि त्यातून त्यांच्या कौलांवरचा पाऊस ऐकू येत असे. एकदा मामा म्हणाले, "जेवलीस का?" ती म्हणाली, "नाय." ते म्हणाले, "जेव." तिने उभ्याउभ्या दोन घास भात खाल्ला.

तीन वाजून गेले. पाणी चढलं नाही. साडेतीनला दुसरी पायरी ओली, पण मोकळी दिसली.

"उतरतंय," ती म्हणाली आणि रडू लागली. मामांनी फोन ठेवला नाही. ती रडायची थांबेपर्यंत ते पलीकडे थांबले.

ते पाणी चरामुळे उतरलं की पाऊसच जरा कमी होता म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "अजून दोन पावसाले जाऊ द्या, मग बोलू." बायकोने त्यांना माफ केलं का, तेही मला ठाऊक नाही. मला केलं का, हेही मी विचारलेलं नाही. ती बोलू लागली, गणपतीला माहेरी गेली, आणि आईच्या वर्षश्राद्धाला मामा आमच्याकडे येऊन पानावर बसले. मी स्वतःला माफ केलं का, त्याचं उत्तर रोज वेगळं येतं.

या हिवाळ्यात आम्ही पुन्हा रविवारी बाहेर पडू लागलो, आता तिघं. मामांचे गुडघे गेल्यामुळे रिक्षा दिवसभरासाठी ठरवावी लागते. गेल्या रविवारी टिटवाळ्याच्या पुढे, नदीजवळच्या एका तळ्यावर गेलो होतो. तळं कमळांच्या पानांनी भरलेलं, आणि पानांवरून लांब बोटांचे दोन कमळपक्षी चालत होते. पलीकडच्या काठावर बदकं उतरलेली दिसत होती. मामांना तिकडे जायचं होतं. बांधावर चिखल होता. मी म्हणालो, "इथूनच बघू, मामा, घसराल."

बायकोने चपला काढून हातात घेतल्या आणि ती पुढे जाऊन बघून आली. "पाय रुततो," ती म्हणाली, "पण खाली घट्ट आहे. एका बाजूने तुम्ही धरा, एका बाजूने मी."

आम्ही त्यांना धरून हळूहळू निघालो. अर्ध्या वाटेवर ते दम खायला थांबले आणि पाणी तळ्यात कुठून येतं ते शोधू लागले.